स्पार्क प्लग घरी बदलताना: आधी बोटं, मग पाना

पहिल्यांदा गाडीचे स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे) बदलले तेव्हा तीन व्यवस्थित बसले. चौथा जरा जड जात होता. आत माती अडकली असेल, असं मनाशी म्हणत मी रॅचेट लावला आणि जोर दिला. माती वगैरे काही नव्हती. प्लग तिरका चढला होता आणि त्याचे पोलादी आटे हेडमधले, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातले, ॲल्युमिनियमचे आटे कापत खाली चालले होते. पुढे त्या भोकाला हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून गाडी हातात येईपर्यंत आठवडा गेला. जो खर्च झाला त्यात प्लगचे वीस सेट आले असते.

तरीही तेव्हापासून प्लग मी घरीच बदलतो. काम अवघड नाहीच. पहिल्या वेळी दीड तास धरा, नंतर अर्ध्या तासात उरकतं. धोका आहे तो त्या आट्यांना, आणि पुढच्या निम्म्याअधिक सूचना आटे जपण्यासाठीच आहेत.

गाडीत प्लग आहेत का, आणि किती?

हसू नका, हा प्रश्न मला दोनदा विचारला गेला आहे. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि आत फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. डिझेलवाल्यांचा 'हीटर प्लग' ही वेगळी वस्तू आहे, थंड इंजिन सुरू होताना ऊब द्यायला. तुमची गाडी डिझेलची असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत साधारणपणे एका सिलिंडरला, म्हणजे इंधन जळतं त्या कप्प्याला, एक प्लग असतो. मारुती ८०० ला तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. बहुतेक हॅचबॅक-सेडानना तीन किंवा चार. पण हे समीकरण सगळीकडे लागू पडत नाही. जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात सिलिंडर चार आणि प्लग आठ होते. बजाज पल्सरच्या डीटीएस-आयमध्येही एकाच सिलिंडरला दोन प्लग. म्हणून दुकानात जाण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि संख्या पाहून घ्या.

मग बोनेट उघडून नुसतं बघा. इंजिनाच्या माथ्यावर ओळीत काळ्या प्लास्टिकच्या कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) दिसत असतील, तर काम तुमच्या आवाक्यातलं आहे. काही गाड्यांत त्यावर प्लास्टिकचं झाकण किंवा एअर फिल्टरचा डबा असतो, तोही चार स्क्रू-क्लिपांत निघतो. पण प्लगपर्यंत जायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा) उतरवावा लागत असेल, तर पहिल्याच प्रयत्नाला ती गाडी निवडू नका. गॅरेजवाल्याला ते काम करू द्या आणि शेजारी उभं राहून बघा.

बदलायचे कधी?

चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतंय आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे असं धरलं, तर प्रत्येक प्लग एका किलोमीटरमागे दीड हजार ठिणग्या टाकतो. ३०,००० किलोमीटरला हा हिशेब साडेचार कोटींवर जातो. प्रत्येक ठिणगी टोकावरचा धातू कणभर खाते. मधलं टोक गोल होतं, गॅप (ठिणगी उडी मारते ती दोन टोकांमधली फट) वाढते, आणि वाढलेली गॅप ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज काढावं लागतं. बॅटरीच्या १२ व्होल्टवरून कॉइल हजारो व्होल्ट तयार करते. झिजलेल्या प्लगमुळे तिच्यावर रोजचा ताण वाढतो आणि एक दिवस कॉइलच जाते. कॉइल प्लगच्या कितीतरी पट महाग असते. प्लग वेळेवर बदलण्याचं माझ्या मते हे खरं कारण. 'ॲव्हरेज वाढेल' हे लोक सांगतात तितकं मोठं प्रकरण नाही, प्लग फारच गेलेले असतील तर गोष्ट वेगळी.

साधे निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतात. इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात. इरिडियम २,४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतं आणि निकेल साधारण १,४५० ला, त्यामुळे इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक ठेवूनही टिकतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच अंतिम माना.

आकडा उलटून गेला नसेल तरी काही खुणा सांगतात. सकाळी स्टार्टर लांबतो. सिग्नलला उभं असताना गाडी थरथरते. चढावर पिकअप देताना झटके बसतात, ज्याला मेकॅनिक 'मिसिंग' म्हणतात. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी फार पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेत जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं, आणि तो खर्च आटे गेल्याच्या खर्चाहूनही मोठा.

सीएनजीवाल्यांनी हे सगळं थोडं अलीकडे आणावं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर ज्या प्लगने अजून दहा हजार किलोमीटर काढले असते तोच प्लग गॅसवर मिसिंग दाखवायला लागतो. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर टाकल्यावर झटके, अशी तक्रार असेल तर पहिला संशय प्लगवर घ्या.

कोणता प्लग घ्यायचा

मॅन्युअलमध्ये लिहिलेला. शर्यतीचा नाही, मित्राने सांगितलेला नाही, 'यात ठिणगी दुप्पट पडते' म्हणून दुकानदाराने पुढे केलेलाही नाही.

प्लगवरचा नंबर मात्र वाचता यायला हवा. उदाहरणार्थ एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११ घ्या. बी म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर. के म्हणजे पाना बसतो तो षटकोन १६ मिलिमीटरचा, म्हणजे पाना १६ चा. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, तो नसेल तर रेडिओत खरखर येते आणि गाडीच्या कॉम्प्युटरला त्रास होतो. ६ ही उष्णतेची श्रेणी. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचे ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर.

यातली श्रेणी आणि लांबी ही दोन अक्षरं चुकली तर इंजिन भोगतं. लांबी जास्त असेल तर प्लगचं टोक पिस्टनला भिडू शकतं. कमी असेल तर उघड्या राहिलेल्या आट्यांत कार्बन बसतो आणि पुढच्या वेळी योग्य प्लग आत जात नाही. उष्णतेच्या श्रेणीत एक गंमत आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग 'थंड', म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा. बॉशमध्ये नेमकं उलटं. म्हणून कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवू नका, दुकानात पर्यायी नंबरांचा तक्ता असतो तो मागा.

माल डुप्लिकेट निघण्याची भीती खरी आहे. पुण्यात नाना पेठेत चांगले जुने दुकानदार आहेत आणि डब्यावर डबा रचून काहीही विकणारेही आहेत. मी दुकानातच खोका उघडतो. छपाई पुसट, षटकोनावरचे नंबर वेडेवाकडे, आट्यांच्या कडा खरखरीत, मधलं टोक एका बाजूला कललेलं, यातलं काहीही दिसलं की परत. आणि चारही एकदमच घ्या. एकच बदलून तीन जुने ठेवण्यात बचत नसते.

हत्यारं

प्लगचा सॉकेट हवा, साधा नाही. बहुतेक गाड्यांना १६ मिलिमीटरचा लागतो, जुन्यांना २१ चा, काही नव्यांना १४ चा. प्लगच्या सॉकेटमध्ये आत रबर किंवा चुंबक असतं, त्याने प्लग धरला जातो. त्याशिवाय सहा-आठ इंचांचं एक्स्टेन्शन, रॅचेट, कॉइलच्या बोल्टसाठी बहुधा १० चा पाना, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), रंगाऱ्याची कागदी टेप, पेन आणि उजेडाला टॉर्च. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर उत्तम. नसेल तरी काम होतं, त्याची युक्ती पुढे आहे.

आणि दोन घरगुती गोष्टी. एक सायकलचा पंप. दुसरी म्हणजे पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा, प्लगच्या पांढऱ्या डोक्यावर घट्ट बसेल इतक्या मापाचा. हा तुकडा माझ्याकडे पहिल्या वेळी असता तर हेलिकॉइलची वेळ आली नसती.

काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. 'हात लावता येतो' एवढं पुरेसं नाही. रात्री लावलेली गाडी, सकाळचं काम, हे सगळ्यात बरं. तापलेल्या हेडमधून प्लग ओढताना मऊ ॲल्युमिनियमचे आटे सोलून येऊ शकतात. हात भाजतो ते वेगळंच. किल्ली काढून खिशात ठेवा.

झाकण काढलं की आधी आजूबाजूला बघा. पावसाळ्यानंतर मला तिथे शेंगदाण्याची टरफलं आणि कुरतडलेल्या वायरीचं आवरण सापडलं होतं. उंदीरमामा सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहतात आणि गरम इंजिन त्यांना आवडतं. मिसिंगचं कारण प्लग नसून त्यांचे दात असण्याची शक्यता लक्षात असू द्या.

प्रत्येक कॉइलवर टेप लावून १, २, ३, ४ लिहा. मग एका वेळी एकच सिलिंडर हातात घ्या. पहिला काढा, नवा बसवा, कॉइल जोडा, मगच दुसऱ्याकडे वळा. जुन्या गाड्यांत, जिथे डिस्ट्रिब्युटरमधून (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डबीतून) जाड वायरी येतात, तिथे हा नियम मोडूच नका. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. वायरींची अदलाबदल झाली की गाडी सुरू होत नाही किंवा फटाके फोडते.

कॉइलला वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटची कुलूपपट्टी दाबून तो ओढा, वायर धरून ओढू नका. काही वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं हे प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. बोल्ट काढा. कॉइल सरळ वर खेचण्याआधी डावी-उजवीकडे थोडी फिरवा. खालचं रबरी बूट प्लगला चिकटलेलं असतं, ते सुटल्याचं हाताला कळतं. बूटाला आतून तेल लागलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, पॅकिंग गळतंय. ते वेगळं काम, पण ते न करता नुसते प्लग बदलाल तर नवं बूटही तेलात फुगेल.

आता घाई करायची नाही. प्लग ज्या खड्ड्यात आहे तिथे धूळ, वाळू, कधी मेलेली माशी असते. प्लग काढल्यावर हे सगळं थेट सिलिंडरमध्ये पडतं. प्लग जागेवर असतानाच सायकलच्या पंपाने जोरात हवा मारा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण ती वाळू तुमच्याकडेच येते.

प्लगचा सॉकेट सरळ खाली बसवा आणि डावीकडे फिरवा. पहिला झटका 'टक्' करून सुटतो, पुढे तो हातानेच निघायला हवा. मध्येच जड झाला तर ओढाताण नको. थोडा परत आत घ्या, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तरी अडला तर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब टाका आणि चहा घेऊन या. तासाभरानेही हलला नाही, तर तिथेच थांबून गॅरेज गाठा. त्यात लाज नाही.

जुना प्लग वाचा

या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. चारही प्लग कागदावर सिलिंडरच्या क्रमाने मांडा.

टोकाची चिनीमाती फिक्या तपकिरी किंवा राखाडी रंगाची असेल तर इंजिन निरोगी आहे. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर तुंबलाय, किंवा गाडी रोज दोन किलोमीटरच चालते आणि तापतच नाही. ओला, चकचकीत काळा थर म्हणजे इंजिन ऑइल आत येतंय, पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून. पांढरी पडलेली, फोड आलेली चिनीमाती म्हणजे आत उष्णता जास्त. त्याचं कारण चुकीच्या श्रेणीचा प्लग असू शकतं किंवा इंधन कमी पडणं. चारही सारखे काळे असतील तर कारण सगळ्यांचं एकच. तीन तपकिरी आणि एकच काळा असेल तर त्या एका सिलिंडरचा तपास करा.

षटकोनाच्या लगेच वर चिनीमातीवर तपकिरी वलय दिसतं, ते पाहून 'प्लगमधून गॅस गळतोय' असं सांगितलं जातं. ते उच्च व्होल्टेजभोवती तेलकट हवा चिकटून आलेला डाग असतो, चिंतेचं कारण नाही. पण चिनीमातीवर वरून खाली गेलेली बारीक काळी रेघ मात्र वाईट. तिथून वीज बाहेरच्या बाहेर पळते आहे, म्हणून बूटही तपासा.

गॅरेजमध्ये पॉलिश पेपर घासून जुने प्लग पुन्हा लावायची पद्धत आहे. मलाही एका ठिकाणी 'साफ करून दिलेत साहेब, नवेच झाले' असं ऐकवलं गेलं आहे. घासून काजळी जाते, झिजलेला धातू परत येत नाही. इरिडियमच्या टोकावर तर ब्रशही चालवू नका.

बसवताना

नव्या प्लगची गॅप खोक्यातच ठीक असते, तरी फिलर गेज घालून पाहा. निकेलच्या प्लगची थोडी कमी-जास्त असेल तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलकेच वाकवा, मधल्या टोकाला टेकू देऊ नका. इरिडियम असेल तर गॅपशी खेळू नका, बारीक टोक मोडतं. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. चिनीमातीत केसाएवढी चीर गेली तर ती डोळ्यांना दिसत नाही.

आट्यांना ग्रीस किंवा तेल लावायचं का? जुने मेकॅनिक लावा म्हणतील. एनजीके लावू नका म्हणते, कारण त्यांच्या आट्यांवर मुलामा असतोच, आणि ओल्या आट्यांवर तेवढ्याच जोराने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. मी कोरडेच लावतो.

आता तो रबरी तुकडा. त्यात प्लगचं डोकं खोचा, प्लग अलगद खड्ड्यात सोडा आणि आधी डावीकडे, म्हणजे उलटा फिरवा. एका क्षणी प्लग किंचित खाली उतरल्यासारखा 'टक्' जाणवेल. आट्यांची तोंडं जुळली. तिथून उजवीकडे फिरवा. प्लग तिरका असेल तर रबर प्लगवर घसरेल, पण आटे कापण्याइतका जोर त्याच्याने लागणारच नाही. म्हणून हा तुकडा. किमान चार-पाच फेरे सहज, बोटांच्या जोरावर गेले पाहिजेत. जात नसतील तर बाहेर काढा, आटे पुसा, पुन्हा पहिल्यापासून. 'थोडा जड आहे पण जाईल' हे वाक्य मनात आलं की हात मागे घ्या.

प्लग तळाला टेकला की रबर काढून सॉकेट लावा. वॉशर असलेल्या नव्या १४ मिलिमीटरच्या प्लगला हाताने टेकल्यापासून साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळा. त्यात वॉशर चपटा होऊन बसतो. वॉशर नसलेल्या, शंकूसारख्या बुडाच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा हिस्साच पुरतो. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २०, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो. जोरात आवळला म्हणजे पक्का बसला, हा समज सोडा. तसाच सैल ठेवणंही महागात पडतं, कारण प्लगची उष्णता वॉशर आणि आट्यांतूनच हेडमध्ये जाते. सैल प्लग लालबुंद होतो.

कॉइल सरळ खाली दाबा, बूट प्लगवर बसल्याचं हाताला कळतं. बोल्ट बेताने आवळा, तोही ॲल्युमिनियममध्येच जातो. कॉइलच्या वायरीचा सॉकेट 'कट्' आवाज येईपर्यंत सरकवा.

सुरू केल्यावर

झाकण लावण्याआधी इंजिन सुरू करा आणि मिनिटभर ऐका. सगळं नीट असेल तर आवाज एकसंध येतो. थरथर आली तर घाबरू नका, दहातल्या नऊ वेळा कॉइलच्या वायरीचा एखादा सॉकेट पूर्ण बसलेला नसतो. 'फिस् फिस्' असा ठेक्यात आवाज येत असेल तर एखादा प्लग सैल आहे. इंजिन लगेच बंद करा आणि थंड झाल्यावर आवळा.

सॉकेट नीट बसूनही मिसिंग राहिलं आणि पिवळा दिवा लागला, तर स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) कामाला येतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात. समजा पी०३०२ आला. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदला, जुना कोड पुसा, थोडं फिरून या. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर तिसऱ्यात गेला, म्हणजे कॉइल खराब. कोड तिथेच राहिला तर कॉइल निर्दोष, मग तो प्लग, वायर किंवा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बघावा लागेल. कॉइलवर लावलेले नंबर इथे उपयोगी पडतात.

टेपचा अजून एक तुकडा घ्या, त्यावर आजची तारीख, किलोमीटर आणि प्लगचा नंबर लिहा आणि बोनेटखाली एअर फिल्टरच्या डब्यावर चिकटवून टाका. डायरीत लिहिलेलं मला आजवर कधी वेळेवर सापडलेलं नाही.